बचावपटू साखळीत घडतो

खेळाडू जन्मावा लागतो, असे आपण सहज बोलून जातो. वेगाने धावणारा किंवा दोघातिघांना चकवून गोल करणारा मुलगा दिसला की या समजुतीला बळही मिळते. बचावपटूच्या बाबतीत मात्र ती तोकडी पडते. त्याचे कसब पाहताक्षणी डोळ्यांत भरत नाही, कारण बराच काळ ते त्याच्याकडे नसतेच. ते सामन्यांतून येते, आणि तेही अशा सामन्यांतून की ज्यांत हरले तरी पुढच्या आठवड्यात पुन्हा मैदानात उतरावे लागते. सातपुड्याच्या पायथ्याशी, संग्रामपूर तालुक्यात वसलेल्या सोनाळ्यासारख्या गावातून खेळाडू का पुढे येत नाहीत, या प्रश्नाचे उत्तर लोक मुलांच्या उंचीत, आहारात किंवा घरच्या परिस्थितीत शोधतात. त्याआधी आपण स्पर्धा कोणत्या पद्धतीने भरवतो ते तपासावे, असे माझे म्हणणे आहे. आपल्याकडे ग्रामीण खेळ बहुतांशी बाद पद्धतीवर चालतो, आणि बाद पद्धतीतून बचावपटू घडणे जवळजवळ अशक्य आहे.

पुरावा म्हणून आधी स्पेनकडे पाहू. कार्लेस पुयोलचा जन्म १९७८ चा, ला पोब्ला दे सेगुर या गावातला. पिरेनीज पर्वताच्या पायथ्याशी असलेल्या या गावाची वस्ती सुमारे तीन हजार, म्हणजे आपल्याकडे मध्यम खेडे म्हणावे एवढी. लहानपणी तो गोलरक्षक होता, पुढे आघाडीला खेळला आणि बचावात तर फार उशिरा आला. बार्सिलोनाच्या अकादमीत त्याने पाऊल ठेवले ते १९९५ मध्ये, वयाच्या सतराव्या वर्षी. तिथली कितीतरी मुले त्या वयापर्यंत अनेक वर्षे शिकून तयार झालेली असतात. मुख्य संघातून तो पहिला साखळी सामना खेळला २ ऑक्टोबर १९९९ रोजी. मधली वर्षे त्याने क्लबच्या राखीव संघात काढली. स्पेनमध्ये मोठ्या क्लबांचे राखीव संघ खालच्या श्रेणीच्या राष्ट्रीय साखळीत उतरतात. तिथे समोर समवयस्क मुले नसतात, तर पोटासाठी खेळणारे, मुरलेले पुरुष असतात आणि हंगाम जवळपास वर्षभर चालतो. अशा हंगामांतून बाहेर पडलेला हा खेळाडू बार्सिलोनासाठी ५९३ सामने खेळला, दहा वर्षे कर्णधार राहिला, आणि ७ जुलै २०१० रोजी डरबनमध्ये विश्वचषकाच्या उपांत्य फेरीत त्याच्याच हेडरने जर्मनीला हरवले. पुयोल अपवादात्मक होता हे खरे आहे. पण त्याच्या अपवादात्मकतेला उमलण्याइतका अवधी देणारी व्यवस्था त्याच्या देशात सर्वसाधारण होती. स्पेनच्या प्रादेशिक महासंघांकडे अगदी लहान वयोगटांपासून साखळ्या असतात, आणि कोपऱ्यातल्या गावचा संघही हंगामभर आठवड्यामागून आठवडा सामने खेळतो.

बचावपटूला साखळीचीच गरज का, हे त्याच्या कामाकडे पाहिले की उमगते. आघाडीपटू नऊ वेळा चुकला आणि दहाव्यांदा गोल केला तर सामना जिंकून देतो. बचावपटू नऊ वेळा बरोबर ठरून दहाव्यांदा चुकला तर सामना हातचा जातो. म्हणजे त्याला चुकण्याची मुभा सर्वांत कमी, आणि तरीही चुकल्याखेरीज त्याला शिकता येत नाही. ही अडचण एकाच रीतीने सुटते: एका चुकीने हंगाम संपू नये. दुसरे कारण असे की बचाव हे एकट्याचे काम नाही. ऑफसाइडची रेषा चौघांनी मिळून धरायची असते. एक पुढे सरकला आणि दुसरा अर्ध्या पावलाने मागे राहिला, तर सापळा आपल्यावरच उलटतो. शेजाऱ्याच्या हालचालीचा अंदाज शब्दाविना यायला महिने लागतात. तिसरे कारण मला सर्वांत मोलाचे वाटते, आणि ते म्हणजे परतीचा सामना. दुहेरी साखळीत ज्या विंगरने तुम्हाला ऑक्टोबरात चकवले, तोच जानेवारीत पुन्हा समोर येतो. मधल्या काळात त्याचा पाय, त्याची लकब, त्याची आवडती दिशा यांचा विचार करता येतो. बाद पद्धतीत ज्याने तुम्हाला हरवले तो पुढच्या फेरीत निघून जातो आणि तुम्ही घरी जाता. धडा अर्धवटच राहतो.

हे युरोपातच घडते असे नाही. आपल्या मातीतही घडले आहे. इंडियन सुपर लीगचा २०१८-१९ चा अंतिम सामना मुंबईत अंधेरीच्या मैदानावर १७ मार्च २०१९ रोजी झाला. एका बाजूला एफसी गोवा, दुसऱ्या बाजूला बेंगळुरू एफसी. दोन्ही संघांचे प्रशिक्षक स्पॅनिश, आणि दोन्ही बचावफळ्यांच्या मध्यभागी एकेक स्पॅनिश बचावपटू: गोव्याकडे कार्लोस पेन्या, बेंगळुरूकडे हुआनान. १९८३ मध्ये जन्मलेला पेन्या बार्सिलोनाच्या राखीव संघातून निघून वायादोलिद, ओव्हिएदो, हेताफे अशा क्लबांतून खेळत गोव्यात आला, तेव्हा पस्तिशीला टेकला होता. डाव्या कडेचा बचावपटू म्हणून कारकीर्द घालवलेल्या या माणसाने गोव्यात मधल्या बचावाची जबाबदारी उचलली. त्याच संघाचा मंदार राव देसाई हा मूळचा डावा विंगर. प्रशिक्षक सर्जिओ लोबेरा यांनी त्याला मागे आणून डावा बचावपटू केले, आणि त्यातूनच तो भारताच्या संघात पोहोचला. पुयोल, पेन्या, मंदार या तिघांच्याही जागा बदलल्या. जागा बदललेला खेळाडू पहिले काही सामने अडखळतोच. पुढचे सामने हाताशी असतील तरच प्रशिक्षक हा धोका पत्करू शकतो. हरलो की स्पर्धेबाहेर, अशी टांगती तलवार असेल तर तो सर्वांत दणकट मुलाला पुढे उभे करतो, उरलेल्यांना मागे ठेवतो आणि ‘चेंडू आला की लांब उडवा’ एवढाच मंत्र देतो.

त्या अंतिम सामन्यात निर्धारित वेळेत गोल झाला नाही. ११७ व्या मिनिटाला दिमास देल्गादोच्या कॉर्नरवर हेडर मारून बेंगळुरूला विजेतेपद मिळवून दिले ते राहुल भेकेने, म्हणजे मुंबईच्या एका बचावपटूने. त्या एका क्षणाच्या मागे त्याची लांब वाट होती. मुंबई एफसी, ईस्ट बंगाल, केरळ ब्लास्टर्स, पुणे सिटी असे टप्पे घेत तो २०१७ मध्ये बेंगळुरूला पोहोचला होता. भारतासाठी पदार्पण झाले ते त्या अंतिम सामन्यानंतर, २०१९ च्या जूनमध्ये, वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षी. सप्टेंबरात दोहामध्ये भारताने आशियाई विजेत्या कतारला गोलशून्य बरोबरीत रोखले, तेव्हा उजव्या कडेला भेके होता, डाव्या कडेला मंदार, आणि मध्ये संदेश झिंगनसोबत गोव्याचाच आदिल खान. चौघांपैकी तिघे मुंबई-गोव्याचे. पुढे ११ एप्रिल २०२२ रोजी मुंबई सिटीने इराकच्या एअर फोर्स क्लबला २-१ असे हरवले. आशियाई चॅम्पियन्स लीगमध्ये भारतीय क्लबने मिळवलेला तो पहिला विजय, आणि विजयी गोल पुन्हा भेकेचा. मे २०२४ मध्ये मुंबई सिटीने मोहन बागानला नमवून लीग चषक जिंकला, तेव्हा तो कर्णधार होता, वय तेहतीस. या कारकिर्दीचा आलेख विशीत उंच उडून खाली येणारा नाही. तो सावकाश चढत गेला आहे. विशीतच त्याची परीक्षा संपवणारी व्यवस्था असती, तर पुढचे काहीच घडले नसते.

गोव्याने इतके बचावपटू का दिले, याचे उत्तरही याच दिशेला सापडते. तिथे गावोगावी क्लब आहेत आणि श्रेणीनिहाय साखळी मुरलेली आहे. महेश गवळी आणि समीर नाईक हे भारताकडून खेळलेले गोव्याचे बचावपटू. गोव्याच्याच डेंपो क्लबने २००५ ते २०१२ या काळात पाच राष्ट्रीय विजेतेपदे जिंकली, त्या पर्वातल्या संघाच्या कण्यात हे दोघे होते. देशपातळीवर मात्र साखळी उशिराच आली; राष्ट्रीय साखळी सुरू झाली ती १९९६ मध्ये. त्याआधीची कीर्ती ड्युरँड, रोव्हर्स, आयएफए शील्ड अशा चषकांची होती. आपल्या राज्यात कोल्हापूरचे उदाहरण बोलके आहे. तिथल्या पेठांचे आणि तालमींचे संघ शाहू स्टेडियमवर कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशनच्या (केएसए) साखळीत खेळतात, आणि चषकांच्या बाद स्पर्धाही भरतात. साखळी असल्यामुळे पेठेतल्या संघाला हंगाम असतो, आणि हंगाम असल्यामुळे मुलाला सरावाला रोज जाण्याचे कारण असते.

आता सोनाळ्याकडे वळू. बुलढाणा जिल्ह्याच्या उत्तर टोकाला असलेल्या या भागातल्या शाळेच्या संघाला शालेय स्पर्धांची उतरंड चढायची असते: तालुका, जिल्हा, अमरावती विभाग, मग राज्य. पायरीगणिक प्रायः बाद पद्धत. साधा हिशेब मांडून पाहा. आठ संघांच्या बाद स्पर्धेत एकूण सात सामने होतात आणि चार संघ एकेक सामना खेळून बाहेर पडतात. त्याच आठ संघांच्या एकेरी साखळीत अठ्ठावीस सामने होतात, आणि सर्वांत दुबळ्या संघालाही सात मिळतात. म्हणजे बाद पद्धत सर्वांत जास्त सामने त्यांनाच देते ज्यांना त्यांची गरज सर्वांत कमी आहे. ज्या शाळेला मैदान नाही, प्रशिक्षक नाही, तिला वर्षाकाठी एक सामना मिळतो आणि त्यावरून आपण ठरवतो की इथल्या मुलांत दम नाही. हा निकाल मुलांचा नसून स्पर्धेच्या आराखड्याचा आहे. गावोगावच्या खुल्या कबड्डी स्पर्धांचेही तेच. कोपरारक्षक आणि कव्हर यांची जोडी जमायलाही वेळ लागतो. पण रात्रभरात संघ येतात, हरतात आणि गाडी पकडून परततात.

यावर पहिला आक्षेप असा येईल की बाद सामन्यात कस लागतो, दडपण सोसायची सवय होते. हे मला मान्य आहे. वर सांगितलेला अंतिम सामनाही बादच होता. पण त्याआधी दोन्ही संघ प्रत्येकी अठरा साखळी सामने खेळले होते आणि दोघांचेही गुण सारखेच, चौतीस होते. परीक्षा हवीच, मात्र वर्गच न भरवता घेतलेल्या परीक्षेतून कोणी शिकत नाही. दुसरा आक्षेप परदेशी खेळाडूंचा: पेन्या, हुआनान यांच्यासारख्यांनी आपल्या मुलांच्या जागा अडवल्या. जागा अडल्या हे नाकारता येत नाही. म्हणूनच लीगने मैदानावरील परदेशी खेळाडूंची संख्या घटवत २०२१-२२ पासून चारवर आणली, आणि ते योग्यच झाले. पण ज्या काळात ती संख्या जास्त होती, त्याच काळात भेके आणि मंदार पुढे आले. अनुभवी बचावपटूशेजारी हंगामभर खेळणे हेही एक शिक्षणच असते. तुटवडा जागांपेक्षा सामन्यांचा जास्त आहे. २०२५ च्या जुलैमध्ये आयोजकांनी लीगचा हंगामच स्थगित केला, तेव्हा देशातले सर्वोत्तम खेळाडूही सामन्यांविना बसले. वरची साखळी इतकी नाजूक असेल, तर खालच्या साखळ्या अधिकच भक्कम हव्यात.

तिसरा आक्षेप खर्चाचा, आणि तो सर्वांत गंभीर आहे. गाडीभाडे कोण देणार, पंच कुठून आणणार, शेतीच्या हंगामात मुलांना सवड कुठून? याचे उत्तर वर्तुळ लहान ठेवण्यात आहे. सोनाळा, टुनकी, वरवट बकाल, संग्रामपूर ही एकमेकांच्या टप्प्यातली गावे आहेत. चार गावांच्या दुहेरी साखळीत बारा सामने होतात आणि प्रत्येक संघाला सहा मिळतात. कापूसवेचणीचा जोर ओसरल्यावर दर रविवारी दोन सामने ठेवले तर दीड महिन्यात ते आटोपतात. चषक, मंडप, ध्वनिक्षेपक, मोठ्या रकमेचे बक्षीस यांवर जाणारा एका खुल्या स्पर्धेचा पैसा अशा हंगामाकडे वळवता येईल. पंचांचे काम वरच्या वर्गातली मुले शिकून घेऊ शकतात, आणि गुणतक्ता ग्रामपंचायतीच्या फलकावर लागू शकतो.

शेवटचा प्रश्न राहतो: यातून किती राहुल भेके निघणार? कदाचित एकही नाही. तरीही साखळीचे मोल कमी होत नाही, कारण बचावपटूला जे शिकावे लागते ते त्या मैदानापुरते राहत नाही. झालेली चूक मान्य करून पुढच्या रविवारी त्याच जागेवर उभे राहणे, शेजाऱ्याची जागा रिकामी दिसली की न सांगता ती भरणे, श्रेय दुसऱ्याला मिळणार हे माहीत असूनही आपले काम चोख करणे, हे गुण भाषणाने येत नाहीत. ते पुन्हा पुन्हा मिळणाऱ्या संधीतून येतात. आज आपली स्पर्धाव्यवस्था ग्रामीण मुलाला सांगते की तुला एकदाच संधी आहे. घरची परिस्थिती, शाळा, नोकरीची परीक्षा हे सगळे त्याला तेच सांगत असतात. निदान खेळाने तरी त्याला वेगळे काही सांगावे. म्हणून शाळांनी, तालुका क्रीडा समित्यांनी आणि गावच्या मंडळांनी पुढच्या वर्षीची स्पर्धा ठरवताना एवढा एकच बदल करावा: हरलेल्या संघालाही पुढच्या रविवारचा सामना द्यावा.