जीर्ण यंत्र आणि अपरिग्रह

वस्तू जीर्ण केव्हा झाली हे पूर्वी वस्तूच सांगत असे. वस्त्र विरे, भांड्याला भोक पडे, लाकडाला वाळवी लागे, आणि मग तिचे काय करावयाचे हा प्रश्न गृहस्थापुढे उभा राही. संगणकाच्या बाबतीत हा निवाडा आता परभारे होतो. मायक्रोसॉफ्ट कंपनीने ‘विंडोज १०’ या प्रणालीची नियमित देखभाल १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबविली, आणि तिच्या जागी येणाऱ्या प्रणालीसाठी टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप व ठरावीक पिढीनंतरचा प्रोसेसर यांची अट घातली. त्याबरोबर, काही मुदतवाढीची सोय सोडली तर, ज्यांचा एकही अवयव झिजलेला नाही अशी असंख्य यंत्रे सेवेतून बडतर्फ झाली. असे यंत्र घरातच ठेवून दुसऱ्या कामास लावणे हा अपरिग्रह म्हणावा की परिग्रह, हा प्रश्न वरवर क्षुल्लक वाटेल. परंतु टाकून देणारा तो विरक्त आणि राखून ठेवणारा तो लोभी, हा जो समज आपल्याकडे रूढ आहे, तो किती कच्चा आहे हे मला तरी या प्रश्नाच्या निमित्ताने जितके स्पष्ट दिसते तितके एरव्ही दिसत नाही.

विनयपिटकाच्या चुल्लवग्गात एक प्रसंग आहे. बुद्धाच्या परिनिर्वाणानंतर छन्न नावाच्या उद्दाम भिक्षूस ब्रह्मदंडाची शिक्षा सुनावण्यासाठी बुद्धशिष्य आनंद कौशांबीस गेला असता, उदेन राजाच्या अंतःपुरातील स्त्रियांनी त्याचा उपदेश ऐकून त्याला पाचशे उत्तरीये अर्पण केली. राजाला ही गोष्ट रुचली नाही. हा श्रमण आता कापडाचे दुकान थाटणार की काय, अशी शंका मनात धरून तो आनंदाकडे गेला आणि एकामागून एक प्रश्न विचारू लागला. इतक्या वस्त्रांचे काय करणार? ज्यांची चीवरे विरली आहेत त्या भिक्षूंना ती वाटून देणार. मग त्या विरलेल्या चीवरांचे काय? त्यांचे पलंगपोस होतील. पलंगपोस जुने झाले की गाद्यांच्या खोळी, खोळी जुन्या झाल्या की जमिनीवरची अंथरणे, अंथरणांची पुढे पायपुसणी, पायपुसण्यांची धूळ झटकण्याची फडकी. आणि फडकीही फाटली की ती चिखलात कालवून त्याने भुई लिंपली जाईल. राजा प्रसन्न झाला आणि त्याने आणखी पाचशे वस्त्रे दिली. या कथेतील सर्वांत मार्मिक भाग मला हा शेवटचाच वाटतो; वस्तू अखेरपर्यंत कशी न्यावी हे ज्याला ठाऊक आहे त्याच्या हाती अधिक सोपविण्यास हरकत नाही, हे त्या संशयी राजाने एका भेटीत ओळखले.

आनंदाची ही उतरंड संगणकाला लावून पाहावी. तिची पहिली पायरी वाटपाची आहे, हे आपण सोयीस्करपणे विसरतो. शेजारच्या एखाद्या विद्यार्थ्याचे काम ज्या यंत्राने भागेल ते आधी त्याच्याकडे जावे, आणि तेथे ते उपयोगी पडणार नसेल तरच स्वतःच्या घराचा विचार करावा. तो करावयाचा ठरल्यास यंत्राचे तळचे स्क्रू काढून झाकण उचलावे. पंख्याच्या पात्यांवर आणि त्यापुढच्या बारीक जाळीवर वर्षानुवर्षांच्या धुळीचा नमदा बसलेला दिसेल. तो ब्रशाने काढून, प्रोसेसरवरची वाळून गेलेली थर्मल पेस्ट पुसून नवी लावली, फिरत्या तबकडीच्या जागी एसएसडी बसविली आणि १९९३ पासून स्वयंसेवकांच्या श्रमावर चालत आलेली डेबियन ही मुक्त प्रणाली तिच्यावर घातली, की काल पत्रे लिहिणारे यंत्र आज घराचे दफ्तरदार होऊन राउटरशेजारी, पडद्याविना व कळफलकाविना, कामावर रुजू होते. घरातल्या मोबाइलांमधले फोटो ते रात्री आपल्याकडे उतरवून घेते, वायफाय नसलेला जुना प्रिंटर सर्वांच्या आवाक्यात आणते, कॅसेटींवरून उतरविलेली कीर्तने दिवाणखान्यातल्या टीव्हीवर ऐकविते. लॅपटॉप असल्यास वीज गेल्यावरही तो काही काळ तग धरतो. मात्र अहोरात्र भारलेली बॅटरी कालांतराने फुगू शकते, आणि टचपॅड वर उचलला गेलेला दिसला की यंत्र बंद करून ती तत्काळ काढवून घ्यावी.

येथवर आनंदाचा हिशेब जुळतो. परंतु जैन आचार्य उमास्वातींनी परिग्रहाची व्याख्या वस्तूवरून न करता वस्तूविषयीच्या मूर्च्छेवरून, म्हणजे आसक्तीवरून, केली आहे, आणि ही मूर्च्छा काटकसरीचा वेष घेऊन फार सहज घरात शिरते. एक यंत्र कामी लावल्याच्या आनंदात गृहस्थ इतरांची टाकलेली आणखी तीन आणतो, त्यांच्या वायरींची भेंडोळी ‘कधीतरी लागतील’ म्हणून माळ्यावर चढतात, आणि या सगळ्याला तो पुनरुपयोग म्हणतो. विजेचे गणितही पाहण्यासारखे आहे: जुना डेस्कटॉप नुसता चालू राहण्यास ६० वॅट घेत असेल तर महिन्याकाठी सुमारे ४३ युनिटे जळतात, तर १२ वॅटांचा लॅपटॉप तेच काम ९ युनिटांच्या आत करतो, तेव्हा लॅपटॉप पुरत असताना डेस्कटॉप जुंपून पुण्य गाठीस बांधणाऱ्याच्या जमाखर्चात खर्चाची बाजू कोरीच ठेवलेली असते. गरजेपेक्षा अधिक घेणे हीही एक चोरीच; गांधीजींनी १९३० साली येरवड्याच्या तुरुंगातून आश्रमवासीयांना लिहिलेल्या पत्रांत अस्तेय आणि अपरिग्रह यांचा विचार एकापाठोपाठ केला, तो उगाच नव्हे.

खरी अडचण मात्र उतरंडीच्या तळाशी आहे. चीवराचे फडके अखेर चिखलात मिसळून भुईला मिळाले. संगणकाला ही गती नाही. त्याच्या जुन्या जोडांत शिसे असते, जुन्या पडद्यांमागच्या नळ्यांत पारा असतो, आणि तारांचे आवरण जाळले की विषारी धूर निघतो. दिल्लीचे सीलमपूर किंवा उत्तर प्रदेशातील मुरादाबाद येथे अशा वस्तू फोडून, सर्किटपट्ट्या जाळून व आम्लात बुडवून त्यांतील तांबे-सोने काढण्याचा धंदा चालत आला, आणि त्याची काळी राख मुरादाबादेत रामगंगेच्या काठी साचत गेली. म्हणजे घर मोकळे करून आपण जो अपरिग्रह साधला असे मानतो, तो पुष्कळदा आपला परिग्रह दुसऱ्याच्या फुप्फुसांत हलविण्याचा व्यवहार असतो. जैन मुनीच्या पाच समितींपैकी, म्हणजे सावध आचरणाच्या नियमांपैकी, पाचवी समिती टाकण्याविषयीच आहे. टाकाऊ द्रव्य टाकण्यापूर्वी त्याने जागा निरखावी, तेथे जीवजंतू नाहीत याची खात्री करावी, आणि मगच ते टाकावे. केंद्र सरकारच्या २०२२ च्या ई-कचरा नियमांनी, जे १ एप्रिल २०२३ पासून अमलात आले, पुनर्चक्रणाची जबाबदारी मुख्यतः उत्पादकावर ठेवली आहे, आणि ते रास्तच आहे. परंतु मुनीने जागा निरखण्याचे काम कोणा मुनीमावर सोपविलेले नाही. गृहस्थाने निदान डिस्कवरचा मजकूर पुसावा, बॅटरी वेगळी काढावी, आणि यंत्र नेणाऱ्यास ते कोठे जाणार हे विचारून नोंदणीकृत पुनर्चक्रण केंद्राचा दाखला मागावा. तो मिळत नसेल, तर यंत्र राउटरशेजारी आणखी वर्षभर दफ्तर सांभाळीत राहिले म्हणून माझ्या समजुतीप्रमाणे कोणत्याही व्रताचा भंग होत नाही.