बहुमत, एकमत आणि एकटा माणूस



बहुमत मिळाले म्हणजे निर्णय योग्य ठरतो काय? हा प्रश्न आपण क्वचितच विचारतो. हात वर होतात, मोजले जातात आणि सभा संपते.

आपल्या यवतमाळच्या शेजारी, वर्धा जिल्ह्यातील पवनार येथे, धाम नदीच्या काठी आचार्य विनोबा भावे यांनी १९५९ साली ब्रह्मविद्या मंदिर स्थापन केले. ब्रह्मचर्याचे व्रत घेतलेल्या स्त्रियांचा हा आश्रम. तेथे पहाटे उपनिषदाचा पाठ होतो, पुढे विष्णुसहस्रनाम म्हटले जाते. शेती, स्वयंपाक, झाडलोट ही कामे आश्रमवासी स्वतः करतात. आपल्या धर्मभगिनींच्या जीवनाशी यातील बरेच काही जुळते. एक गोष्ट मात्र वेगळी आहे. तेथे कोणी प्रमुख नाही आणि मतदानही नाही. निर्णय सर्वसंमतीने होतो. एखादीला पटले नाही, तर थांबायचे आणि पुन्हा बोलायचे.

इतर धर्मांत जे सत्य आणि पवित्र आहे ते ख्रिस्तसभा नाकारत नाही, असे दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ साली स्पष्ट केले. तेव्हा येथून काही शिकण्यात आपल्या श्रद्धेला बाधा येत नाही. आपल्या परंपरेतही संत बेनेडिक्ट यांनी मठाधिपतीला सांगितले होते की, महत्त्वाच्या प्रसंगी सर्वांना बोलवावे, कारण देव पुष्कळदा धाकट्याच्या मुखातून बोलतो. अंतिम निर्णय मात्र मठाधिपतीचा.

पण एकमत झाले म्हणजे तरी ते सत्य असते काय? पिलातापुढे लोक एकमुखाने बरब्बासाला मागत होते. भिडेखातर गप्प बसणे हीदेखील वरून संमतीच दिसते. शिवाय छप्पर गळत असेल तर सर्वांना पटेपर्यंत थांबता येत नाही. कोणीतरी जबाबदारी घ्यावीच लागते.

मग पवनारकडून घ्यायचे काय? न पटणाऱ्या माणसाकडे पाहण्याची दृष्टी. आपण त्याला अडथळा समजतो. तेथे त्याच्यासाठी थांबतात. प्रभू येशूला दोषी ठरवणाऱ्या न्यायसभेत अरिमथाईकर योसेफाने संमती दिली नव्हती. त्या दिवशी मोजणीत तो हरला. पण प्रभूच्या देहाला कबर त्यानेच दिली.

आपल्या धर्मग्रामातही सण साजरा करण्याचा खर्च, वर्गणीची रक्कम, मिस्साची वेळ हे सारे ठरते. मागच्या बाकावरील मजूर बाई “मला जमणार नाही” असे हळूच म्हणते आणि आपण पुढच्या विषयाकडे वळतो. पुढच्या सभेत हात मोजण्यापूर्वी आपण तिला कारण विचारू या, थोडा वेळ शांत राहून पवित्र आत्म्याची प्रार्थना करू या आणि मगच ठरवू या. निर्णय कदाचित तोच राहील. पण ती बाई आपल्यातून हरवणार नाही.