भरती भाद्रपदात होते

वीटभट्टी दिवाळीनंतर सुरू होते, पण तिच्यावरची भरती भाद्रपदातच उरकलेली असते. रायगडातल्या कर्जत आणि खालापूर तालुक्यांतल्या कातकरवाड्यांचं वर्ष ज्यांनी जवळून पाहिलं आहे, त्यांना हे वेगळं सांगावं लागत नाही. आषाढ-श्रावणात आवणीची, म्हणजे भातलावणीची, कामं असतात. दुसऱ्याच्या शेतात का होईना, रोज मिळतो. आवणी संपते आणि भातकापणीपर्यंत हाताला काम उरत नाही. पावसाने रस्त्याची, मातीची कामं बंद असतात आणि रानातही विकण्याजोगं फारसं नसतं. नेमक्या याच दिवसांत घरात आजारपण निघतं, छपरावर प्लॅस्टिक टाकायचं असतं, गणपती असतात, मागचं काही देणं असतं. मुकादम वाडीत येतो तो तेव्हा. तो पैसे देतो. त्याला उचल म्हणतात. उचल घेतली की त्या जोडीचं पुढचं अर्धं वर्ष ठरलं.

जोडी म्हणजे नवरा-बायको. भट्टीवर मजूर एकेकटा मोजत नाहीत, जोडी मोजतात. एकाने चिखल मळायचा, दुसऱ्याने थापायचं आणि लहान पोरांनी वाळत्या विटा उलटायच्या. भाव हजारी असतो, म्हणजे हजार विटांमागे अमुक. आठवड्याच्या बाजाराला खर्ची मिळते, तीही हिशेबात धरली जाते. नेरळ, शेलू, वांगणीच्या पट्ट्यात, कल्याण-भिवंडीकडे, पनवेलच्या बाजूला या जोड्या जातात. काही घरं कोळसा पाडायला पार घाटावर जातात. वैशाख-ज्येष्ठात, पाऊस तोंडावर आला की हिशेब होतो. थापलेल्या विटांचे पैसे एका बाजूला, उचल आणि खर्ची दुसऱ्या बाजूला. काही सुटलं तर हातात पडतं. उलटं निघालं तर ते पुढच्या वर्षाच्या डोक्यावर बसतं आणि भाद्रपदात मुकादम नव्याने आला की त्याला नवीन काही ठरवावं लागत नाही.

आपल्याकडचे बहुतेक कामगार कायदे काम सुरू झाल्यापासून बोलू लागतात. किमान वेतन, कामाचे तास, पाणी, संडास, अपघाताची भरपाई, हे सगळं कामाच्या जागेवरचं आहे. भरती मात्र कामाच्या जागेवर होत नाही. ती होते वाडीत, रिकाम्या डब्यापाशी, जेव्हा समोरच्याला नाही म्हणण्याची सोय नसते. करार तिथे होतो आणि कायदा तीन महिन्यांनी, पन्नास किलोमीटरवर त्याची वाट पाहत उभा असतो. माझं म्हणणं एवढंच आहे की मजूर कामावर घेण्याचे नियम उचलीच्या दिवशी लागू झाले पाहिजेत.

इतरांनी हे नियम कसे लिहिले आहेत, हे पाहायला थोडं लांब जाऊ. पश्चिम आफ्रिकेतल्या घानाचा २००३ चा कामगार कायदा मला विचार करायला लावतो. त्यात म्हटलं आहे की सहा महिने किंवा त्याहून जास्त काळ, किंवा वर्षभरात मिळून तितके दिवस कोणाला कामावर ठेवायचं असेल, तर लेखी करार हवा. तात्पुरता म्हणून घेतलेला मजूर एकाच मालकाकडे सलग सहा महिने राहिला, तर त्याला कायम कामगाराचे नियम लागू होतात. हंगामी कामाचा, रोजाने पैसे घेणारा मजूर मात्र त्यांनी वेगळा काढला आहे. त्याच्याशी लेखी करार करण्याची सक्ती नाही. तरीही कामाच्या प्रत्येक दिवसाचा पूर्ण किमान रोज आणि सारख्या कामाला सारखा दाम, हे त्यालाही द्यावंच लागतं.

आता कर्जतची जोडी या मापाने मोजून पाहा. मार्गशीर्ष ते वैशाख, म्हणजे जवळपास सहाच महिने. काम हंगामी आहे, पण रोजाने नाही, नगावर आहे. ही जोडी घानाच्या कायद्याच्या बरोबर उंबरठ्यावर उभी राहते. तो कायदा आदर्श आहे असं मी म्हणत नाही. तिथेही बहुसंख्य माणसं असंघटित क्षेत्रातच राबतात आणि कागद त्यांच्यापर्यंत पोहोचत नाही. पण कामाचा काळ हे माप त्यांनी धरलं, ही गोष्ट घेण्याजोगी आहे. आपल्याकडे माप आहे ते डोक्यांचं: किती मजूर आहेत आणि ते कुठून आले.

१९७९ चा आंतरराज्य स्थलांतरित कामगार कायदा पाच किंवा जास्त परप्रांतीय मजूर असलेल्या आस्थापनेला लागू होत असे. त्यात विस्थापन भत्ता होता, प्रवासभत्ता होता, ठेकेदाराला परवाना घ्यावा लागे. कर्जतहून भिवंडीला जाणारा कातकरी राज्याची हद्द ओलांडत नाही, फक्त जिल्ह्याची ओलांडतो. घरदार बंद करून, पोरांची शाळा सोडवून, सहा महिने झोपडीत राहूनही तो कायद्याच्या लेखी स्थलांतरित ठरला नाही. २०२० च्या नव्या संहितेने तो जुना कायदा पोटात घेतला. आता आकडा दहा आहे आणि राज्याची हद्द तशीच आहे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चारही कामगार संहिता अमलात आल्या. प्रत्येक कामगाराला नियुक्तिपत्र द्यायचं, ही त्यांतली खरोखर चांगली तरतूद आहे. पण पाच-सात जोड्यांच्या भट्टीवर ते पत्र कोण लिहिणार, आणि लिहिलं तर त्यात उचलीचा आकडा येणार का?

आणखी एक तरतूद आहे, तिच्याकडे फारसं कोणी पाहत नाही. पगाराचा काळ एक महिन्याहून मोठा असता कामा नये, असं आपला वेतनाचा कायदा सांगतो. त्या काळातल्या वेतनातून होणारी सगळी कपात मिळून निम्म्याच्या वर जाता कामा नये, असंही सांगतो. वीटभट्टीवर पगाराचा काळ अख्खा हंगाम असतो आणि कपातीला मर्यादा नसते. हिशेबाची वही मुकादमाकडे असते. दर महिन्याला जोडीसमोर हिशेब वाचून दाखवणं आणि निम्मा पैसा हातात ठेवणं, एवढं जरी पाळलं गेलं, तरी ज्येष्ठातल्या त्या एका संध्याकाळची दहशत संपेल.

या सगळ्याच्या वर १९७६ चा वेठबिगार पद्धती निर्मूलन कायदा आहे. २५ ऑक्टोबर १९७५ च्या वटहुकमापासून तो लागू धरला जातो. त्याने वेठीला बांधणारं कर्जच रद्द केलं. ते फेडण्याची जबाबदारी उरत नाही, वसूल करणं हा गुन्हा आहे. मजूर म्हणाला की हे वेठीचं कर्ज आहे, तर ते तसं नाही हे सिद्ध करण्याचा भार सावकारावर आहे. इतका मजुराच्या बाजूने झुकलेला कायदा आपल्या देशात विरळा. १९८२ मध्ये, एशियाड खेळांच्या बांधकाम मजुरांच्या खटल्यात न्यायमूर्ती भगवतींनी आणखी पुढचं पाऊल टाकलं. किमान वेतनापेक्षा कमी दामात राबावं लागणं हीसुद्धा राज्यघटनेच्या कलम २३ मधली सक्तीची मजुरी आहे, कारण भूक हीसुद्धा सक्तीच असते, असा त्या निकालाचा अर्थ आहे. उचलीवर गेलेल्या प्रत्येक जोडीचा खटला या निकालात आधीच लिहून ठेवलेला आहे.

तरी तो उभा राहत नाही. उपविभागाच्या पातळीवर दक्षता समिती असावी, असं कायदा म्हणतो. पण नुसत्या समितीने भागत नाही; जिथे संघटना उभी राहिली तिथेच माणसं सुटली. वसई तालुक्यात १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला विवेक आणि विद्युल्लता पंडित यांच्या श्रमजीवी संघटनेने वेठबिगारांची मुक्तता करून घेतली. पुढे भट्ट्यांवरच्या पोरांसाठी त्यांनीच भोंगाशाळा काढल्या. भोंगा म्हणजे भट्टीवरची झोपडी. रायगडात उल्का महाजन आणि सर्वहारा जन आंदोलनाने कातकऱ्यांची जमीन आणि मजुरी हे दोन्ही प्रश्न एकत्र धरले, ते योग्यच केलं. ज्याच्या घराखालची जागाही दुसऱ्याच्या सातबाऱ्यावर आहे, तो मजुरीचा भाव काय म्हणून ठरवणार?

काळाचा एक योगायोग इथे सांगावासा वाटतो. १९४५ मध्ये ठाणे जिल्ह्यात वारल्यांनी गोदावरी परुळेकरांच्या साथीने वेठ आणि लग्नगडी पद्धत मोडून काढली. लग्नासाठी कर्ज घेतलेला गडी जमीनदाराकडे बांधला जाई, ती ही पद्धत. पुढच्याच वर्षी, एप्रिल १९४६ मध्ये, फ्रेंच पश्चिम आफ्रिकेत सक्तीची मजुरी कायद्याने बंद झाली. तो कायदा आयव्हरी कोस्टच्या फेलिक्स उफुए-ब्वान्यी यांच्या नावाने ओळखला जातो. दोन्ही ठिकाणी वेठ गेली. आपल्याकडे तिच्या जागी रोख आगाऊ रक्कम आली, आणि रोख रकमेला कायदा राबवणारे वेठ म्हणायला धजत नाहीत.

भट्टीमालकाची बाजूही ऐकली पाहिजे. तो पुष्कळदा इथलाच शेतकरी असतो, भाताचं रान भाड्याने घेऊन माती काढणारा. उचलीसाठी त्यानेही कर्ज काढलेलं असतं. दोन मालकांची उचल घेऊन तिसरीकडे गेलेली जोडी त्यालाही भोगावी लागते. माघात अवकाळी पाऊस आला की कच्च्या विटांचा चिखल होतो आणि तो तोटा त्याच्या माथी येतो. मजुरांची खात्री नाही म्हणून तो उचल देतो आणि उचल दिली म्हणून माणूस बांधून ठेवतो. ही त्याची एकट्याची दुष्टाई नाही. ही सोय आहे, आणि दुसरी सोय उभी केल्याशिवाय ती जाणार नाही.

दुसरी सोय महाराष्ट्राने एकदा शोधली आहे. १९६९ चा माथाडी कायदा. अण्णासाहेब पाटलांच्या चळवळीतून आलेला. बाजारातला हमाल रोज वेगळ्या मालकाकडे काम करतो, मग मालक कोण? उत्तर निघालं ते असं: सरकार, मालक आणि कामगार यांचं मंडळ. कामगारांची टोळी मंडळात नोंदलेली, मालकही नोंदलेला. मजुरी मालक मंडळात भरतो, वर लेव्ही भरतो. त्यातून भविष्य निर्वाह निधी, बोनस, औषधपाणी. १९८१ मध्ये हीच चौकट खासगी सुरक्षारक्षकांना लावली गेली. ही चौकट मशीद बंदरातल्या पाठीवरच्या पोत्यांनी मिळवून दिली, याचा मला मराठी माणूस म्हणून अभिमान आहे.

वीटभट्टीच्या टोळ्यांना अशी चौकट का असू नये? उचल मंडळामार्फतच द्यायची. भाद्रपदात, जोडीच्या बँकखात्यात. मालकाचे पैसे बुडणार नाहीत याची हमी मंडळाची, आणि हंगामाअखेर ते कर्ज उरणार नाही याचीही हमी मंडळाचीच. मुकादमाची वही संपली की मुकादमाचा धाकही संपतो.

आणि भाद्रपदाची भूक? तिच्याशीही या मातीत आधी लढून झालं आहे. माथेरानच्या भाई कोतवालांनी शेतकऱ्यांसाठी धान्यकोठी उभी केली, सावकाराच्या दारी जावं लागू नये म्हणून. २ जानेवारी १९४३ ला सिद्धगडावर ते हिराजी पाटलांसोबत हुतात्मा झाले, हे आपण दरवर्षी आठवतो. धान्यकोठी मात्र आठवत नाही. पुढे कशेळ्याच्या अकॅडमी ऑफ डेव्हलपमेंट सायन्सने आदिवासी पाड्यांत धान्यबँका चालवल्या, त्याच विचाराने. राज्याची आदिवासींसाठीची खावटी योजना १९७० च्या दशकात सुरू झाली आणि करोनाच्या काळात तिच्यातून कुटुंबाला चार हजार रुपये द्यायचं ठरलं, निम्मे रोख, निम्म्याचा शिधा. खावटी दरवर्षी श्रावण संपण्याआधी हातात पडली, तर मुकादमाला वाडीत बसून बोलावं लागेल, भावाची घासाघीस करावी लागेल. वेळ चुकली तर तीच रक्कम केवळ आकडा उरते.

हे सगळं सरकारवर टाकून मोकळं होता येणार नाही. या दोन तालुक्यांत मुंबई-पुण्याच्या माणसांची फार्महाउसं आता डोंगराच्या कुशीपर्यंत गेली आहेत. प्रत्येकात एक राखणदार कुटुंब असतं, बहुतेक ठाकर नाहीतर कातकरी. राहायला खोली दिली म्हणून पगार कमी, बायको झाडलोट करते तिचा पगारच नाही, सुट्टी कधी विचारलेली नाही, कागद एकही नाही. हा लेख वाचणाऱ्यांपैकी काही जण त्यांचे मालक असतील. त्यांना माझी विनंती आहे की एक पान लिहा. किती पैसे, किती तारखेला, किती सुट्ट्या, आजारपणात काय, आणि खोली कधी सोडावी लागेल. खाली दोघांची नावं लिहा, नवऱ्याचं आणि बायकोचं.

भट्टीच्या वहीतसुद्धा नाव एकट्या नवऱ्याचं असतं. उचल त्याच्या नावावर, हिशेब त्याच्याशी. थापलेल्या विटांतली निम्मी मेहनत तिची, पण नोंद त्याची. तो वारला तर उचल तिच्या गळ्यात येते, मजुरी मात्र तिच्या नावावर कधीच नव्हती. २०१६ च्या केंद्राच्या पुनर्वसन योजनेत मुक्त झालेल्या पुरुषाला एक लाख आणि स्त्रीला दोन लाख असं धरलं आहे, आणि पूर्ण रक्कम मालकाला शिक्षा होण्याशी जोडली आहे. ज्या बाईचं नाव वहीतच नाही, तिने राबल्याचा पुरावा कुठून आणायचा? म्हणून मंडळ होवो न होवो, येत्या भाद्रपदात कर्जत आणि खालापूरच्या तहसील कार्यालयांनी वाडीवाडीत जाऊन एक नोंदवही उघडावी: कोणती जोडी, कोणाची उचल, किती, कोणत्या भट्टीवर. दोघांच्या अंगठ्यांसह. त्यासाठी नवा कायदा लागत नाही. १९७६ च्या कायद्याने जिल्हाधिकाऱ्यांना आणि त्यांच्या हाताखालच्या अधिकाऱ्यांना तेवढा अधिकार केव्हाच दिलेला आहे.