फॉर्म तुमचा, अक्षर दुसऱ्याचं

लेकरांनो, आज गोड बोलणार नाही. तुम्ही पदवीधर झालात, तुमच्यातले काही एम. ए., एम. एस्सी. झाले, आणि नोकरीचा अर्ज मात्र दुसऱ्याकडून भरून घेता. तोही शेवटच्या दिवशी, दिवेलागणीनंतर, नेट कॅफेत गर्दी करून. आधार कार्ड, मार्कमेमो, जातीचा दाखला असा गठ्ठा काउंटरवर टाकायचा, ‘दादा, तेवढा फॉर्म भरून टाका’ म्हणायचं आणि बाहेर चहाच्या गाड्यावर जाऊन उभं राहायचं. ज्या कागदावर पुढची तीस वर्षं अवलंबून आहेत तो आत लिहिला जातोय आणि तुम्ही जागेवर नाही. लाज वाटली पाहिजे.

परवा आपल्याच तालुक्यातला एक मुलगा भरलेल्या अर्जाची प्रिंट घेऊन माझ्याकडे आला. पोरगा हुशार आहे, चालू घडामोडी तोंडपाठ, गणिताचा हात चांगला. मी पहिल्या ओळीपासून वाचायला घेतलं. दहावीच्या सनदेवर आडनाव, नाव, वडिलांचं नाव असा क्रम. अर्जात वडिलांचं नावच नाही. पत्त्यात तालुका ‘लोहा’. लोहा नांदेड जिल्ह्यात आहे, आपण लोहाऱ्याचे! ई-मेल कुणाचा? कॅफेवाल्याचा. मोबाइल नंबर? तोही त्याचाच, म्हणे ओटीपी पटकन यावा म्हणून. पासवर्ड? ‘त्यांनाच माहीत.’ म्हणजे उद्या हॉल तिकीट आलं, परीक्षेचं केंद्र बदललं, कागदपत्र पडताळणीचा निरोप आला, तर तो जाणार दुसऱ्याच्या खिशात. तो माणूस दिवसाला किती अर्ज भरतो? त्याने तुमचा निरोप लक्षात ठेवून तुम्हाला गावात फोन करावा, असं का वाटतं तुम्हाला?

पुढचं बघून मात्र माझं डोकं फिरलं. आयबीपीएसमार्फत होणाऱ्या भरतीत, २०२३ ची जिल्हा परिषदेची भरती तशीच होती, फोटो आणि सहीबरोबर डाव्या अंगठ्याचा ठसा आणि स्वतःच्या अक्षरात लिहिलेलं प्रतिज्ञापन अपलोड करावं लागतं. पांढऱ्या कागदावर काळ्या शाईने दोन ओळी लिहायच्या असतात: मी दिलेली माहिती खरी आणि बरोबर आहे, मागाल तेव्हा कागदपत्रं दाखवीन. कॅपिटल अक्षरांत लिहायचं नाही, दुसऱ्याने लिहायचं नाही. लिहिलं तर अर्ज बाद, असं सूचनेत स्पष्ट असतं. त्या मुलाच्या अर्जात सुरेख तिरकं, वळणदार अक्षर. माझ्या वर्गात पाच वर्षं बसलेल्या मुलाचं अक्षर मला ओळखू येत नाही का? विचारलं, हे कुणी लिहिलं? म्हणाला, ‘मॅडम, तिथं एक जण सगळ्यांचं लिहून देत होता.’

सगळ्यांचं! म्हणजे ‘माहिती खरी आहे’ ही शपथ एका माणसाने दहा-वीस जणांच्या वतीने घेतली, आणि ज्यांची शपथ त्यांनी ती माहिती एकदाही वाचली नव्हती. याला निष्काळजीपणा म्हणून मी सोडून देणार नाही. हे खोटं बोलणं आहे, आणि ते तुम्ही ज्या सरकारात नोकरी मागताय त्याच्याशीच बोललात.

तुम्हाला व्हायचंय काय? तलाठी. आता पदाचं नाव ग्राम महसूल अधिकारी झालंय. कुणाला ग्रामसेवक व्हायचंय, त्याचंही नाव बदलून ग्रामपंचायत अधिकारी झालंय. या माणसाचं काम काय असतं, विचार केलात कधी? दुसऱ्याचं नाव, गट नंबर, क्षेत्र, वारस बिनचूक लिहिणं. सातबाऱ्यावर ‘विठ्ठल’चा ‘विठोबा’ झाला की शेतकऱ्याचं पीककर्ज अडतं, विमा अडतो, आणि दुरुस्तीसाठी तो म्हातारा तहसीलच्या पायऱ्या झिजवत बसतो. लोहाऱ्यात असे म्हातारे तुम्ही रोज बघता, काहींच्या घरातच आहेत. ज्याला स्वतःचं नाव रकान्यात धड लिहिता आलं नाही, त्याच्या हातात मी माझा फेरफार का द्यावा?

आपल्या तालुक्यात हिप्परगा आहे. तिथली राष्ट्रीय शाळा १९२१ साली निघाली, निजामाच्या राज्यात. स्वामी रामानंद तीर्थ तिथे मुख्याध्यापक होते. तेव्हा कचेरीची भाषा उर्दू, गावातल्या माणसाला सरकारदरबारी दोन ओळी लिहायच्या तर अर्जनवीस शोधावा लागायचा, त्याने काय लिहिलं ते कळायचं नाही, आणि तरी खाली अंगठा द्यावा लागायचा. तुमच्या पणजोबांची ती लाचारी होती. त्यांच्या मुलांना आपल्या भाषेत, आपल्या हाताने लिहिता यावं म्हणून त्या शाळेतल्या मास्तरांनी हाल काढले. आणि तुम्ही, हातात मोबाइल, खिशात पदवी, अर्ज मराठीत वाचायची सोय असताना, पुन्हा अर्जनविसाच्या दारात उभे. न वाचता अंगठा देताय. फरक इतकाच, की तुम्ही तो स्कॅन करता.

आता ज्या गोष्टीसाठी मी हे लिहायला बसले, ती सांगते.

त्या मुलाच्या अर्जात समांतर आरक्षणाच्या रकान्यांत खालपर्यंत ‘नाही’ होतं. खेळाडू नाही, माजी सैनिक नाही, प्रकल्पग्रस्त नाही, भूकंपग्रस्त नाही. मी विचारलं, तुझं गाव कोणतं? सास्तूर. आजोबांचं घर? ‘पडलं होतं, मॅडम. आजी त्यातच गेली.’ मग भूकंपग्रस्तापुढे ‘नाही’ का? उत्तर नाही. कॅफेवाल्याने विचारलं नाही, याने सांगितलं नाही.

३० सप्टेंबर १९९३. गणपती विसर्जनाची रात्र, पहाटे चारच्या सुमारास जमीन हलली. किल्लारी, सास्तूर आणि आसपासची गावं झोपेतच दगड-मातीच्या भिंतींखाली गेली. लातूर आणि आपला धाराशिव जिल्हा मिळून दहा हजारांच्या आसपास माणसं मेली. तेव्हा लोहारा तालुका वेगळा नव्हता, सास्तूर उमरगा तालुक्यात होतं. त्या मरणाची आणि उद्ध्वस्त घरांची जाण ठेवून सरकारने गट क आणि गट ड च्या नोकऱ्यांत भूकंपग्रस्तांना दोन टक्के समांतर आरक्षण दिलं. दोन टक्के ऐकायला कमी वाटतं. पण हे आरक्षण आडवं असतं. तुम्ही खुल्या प्रवर्गात असा, ओबीसीत असा, अनुसूचित जातीत असा, त्या त्या प्रवर्गाच्या आतच ही जागा मोजली जाते आणि तिथली गुणांची रेषा वेगळी लागते. हजारोंच्या यादीत अडकलेला मुलगा त्या एका जागेवर वर येऊ शकतो. आणि अर्जात दावा केला नसेल तर नंतर छाती बडवून काही उपयोग नाही. जाहिरातीत दरवेळी छापलेलं असतं की अर्जात केलेला दावाच धरला जाईल.

तुमच्या आजीच्या जिवाची किंमत म्हणून मिळालेला हा हक्क. तो तुम्ही एका बटणाच्या निष्काळजीपणात टाकून दिलात. मला याचा संताप येतो आणि तो मी लपवणार नाही.

नुसतं ‘होय’ दाबूनही भागत नाही, हेही ऐका. प्रमाणपत्र लागतं, आणि ते जिल्हाधिकारी कार्यालयाचं लागतं. मूळ प्रमाणपत्र आजोबांच्या किंवा वडिलांच्या नावावर असेल तर ते तुमच्या नावावर हस्तांतरित करून घ्यावं लागतं. घरात तीन भाऊ असतील तर कुणाच्या नावावर करायचं हे घरात बसून आधी ठरवा. जाहिरात आल्यावर हे काम होत नसतं. माकणीच्या धरणात, निम्न तेरणा प्रकल्पात, ज्यांच्या जमिनी गेल्या त्यांनी प्रकल्पग्रस्ताच्या दाखल्याबाबत हेच करायचं. तिथे पाच टक्के आहेत. नॉन-क्रिमीलेअरची मुदत बघा. आर्थिक दुर्बल घटकाचा दाखला कोणत्या आर्थिक वर्षाचा मागितलाय ते बघा. दाखला जुना, मुदत संपलेली, आणि पडताळणीच्या टेबलासमोर ‘साहेब, नवीन काढतो’ म्हणून विनवण्या, हे दृश्य मला पुन्हा बघायचं नाही.

मुलींनो, तुम्हाला वेगळं सांगते, कारण तुमच्यावर यात जास्त अन्याय होतो. लग्न झालं की सासरी नाव बदलतात, कधी आडनावासकट पहिलं नावही. दहावीची सनद माहेरच्या नावाची, आधार सासरच्या नावाचं, अर्ज तिसऱ्याच नावाने. जातीचा दाखला आणि नॉन-क्रिमीलेअर तुम्हाला वडिलांच्या बाजूने लागतं, नवऱ्याच्या नाही. अर्ज दहावीच्या सनदेप्रमाणे भरा, नाव बदललं असेल तर विवाह नोंदणीचा दाखला किंवा राजपत्र काढून ठेवा. आणि अर्ज भरायला नवऱ्याला नाहीतर दिराला पाठवू नका. स्वतः बसा. घरचे नाही म्हणाले तर मला बोलवा, मी येते.

तुम्ही मला सांगाल, मॅडम, सगळा दोष आमचाच का? नाही. २०१९ साली जिल्हा परिषदेच्या जागांची जाहिरात निघाली, पोरांनी पैसे भरले, वर्षानुवर्षं वाट बघितली आणि ती भरतीच रद्द झाली. नवी जाहिरात यायला २०२३ चा ऑगस्ट उजाडला. त्या काळात कित्येकांचं वय निघून गेलं. त्याच वर्षीच्या तलाठी भरतीत साडेचार हजारांच्या वर जागांसाठी दहा लाखांहून जास्त अर्ज आले, आणि खुल्या प्रवर्गाला एका अर्जाचं शुल्क हजार रुपये, राखीव प्रवर्गाला नऊशे. त्या साली सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला चार हजार सहाशे होता. म्हणजे एका अर्जापायी घरातलं बावीस किलो सोयाबीन गेलं, तेही हमीभाव मिळाला असं धरलं तर. परीक्षेच्या दिवशी सर्व्हर बंद पडून पोरं केंद्राबाहेर ताटकळली, हेही झालं. हे सगळं चुकीचं आहे. त्याविरुद्ध निवेदनं द्या, रस्त्यावर बसा, मी तुमच्यासोबत बसेन.

पण बापाचं बावीस किलो सोयाबीन विकून भरलेल्या अर्जात तुम्ही तालुका चुकवता, तेव्हा तो दोष सरकारचा नाही. त्या तलाठी भरतीची मुदत २६ जून ते १७ जुलै होती. तीन आठवडे. सर्व्हर चालत नाही म्हणून ओरड झाली आणि आणखी एक दिवस मिळाला. पहिल्या आठवड्यात भरला असता तर कुठला सर्व्हर आडवा येत होता? शेवटच्या रात्री लाखो पोरं एकाच दारातून आत घुसायला बघतात, मग दार अडकतं. पैसे खात्यातून कापले जातात, पावती येत नाही, अर्ज ‘अपूर्ण’ दाखवतो, आणि दुरुस्त करायला दिवस उरलेला नसतो.

‘गावात रेंज नाही’, ‘लाइट नसते’, ‘कॉम्प्युटर नाही’. मान्य. मग कॅफेत जा, मी कॅफेच्या विरोधात नाही. ती पोरंही पोटासाठीच बसलीत. पण त्यांचं यंत्र आणि वीज भाड्याने घ्या, तुमचं डोकं त्यांच्याकडे गहाण टाकू नका. शेजारी खुर्ची ओढून बसा. ई-मेल तुमचा, नंबर तुमचा, पासवर्ड तुमच्या वहीत. शेवटचं बटण दाबायच्या आधी प्रीव्ह्यू उघडा आणि दहावीची सनद हातात धरून एकेक अक्षर मिळवा, कारण त्यानंतर बदल करता येत नाही. मागे कुणी ‘चला, आवरा’ म्हणालं तर म्हणू द्या.

आणि ‘साहेबांशी ओळख आहे, दोन लाख दिले की यादीत नाव’ असं सांगत कुणी दारात आला, तर त्याला उभं करू नका. बापाला शेत विकायला लावणाऱ्या पोराला मी माझा विद्यार्थी म्हणणार नाही.

पुढची जाहिरात कधी निघेल ते तुमच्या माझ्या हातात नाही, तोवर हे करा. या आठवड्यात घरातली ट्रंक उघडा. भूकंपाचे, धरणाचे, जातीचे, जमिनीचे जे कागद असतील ते बाहेर काढा, त्यांवरची नावं तुमच्या सनदेशी जुळवा, जिथे जुळत नाहीत तिथे खूण करा. मग तहसीलला, गरज पडली तर धाराशिवला जा. अर्ज भरलात की अंतिम सबमिट करण्याआधी प्रीव्ह्यूची प्रिंट माझ्याकडे आणा. संध्याकाळी मी घरीच असते. लाल पेनाने तपासून देईन, चुकलं असेल तिथे ओरडेनही. पण तुमचा फॉर्म मी भरून देणार नाही.