बैठक, पंचनामा आणि हजार रुपये

२०२३ साली अनंत चतुर्दशी आणि ईद-ए-मिलाद एकाच दिवशी आले, २८ सप्टेंबरला. विसर्जनाच्या दिवशी मुंबईत चालायला किती रस्ता उरतो हे मुंबईकराला सांगायला नको. त्यात ईदचा मोठा जुलूस. तो काढणाऱ्या खिलाफत कमिटीने जुलूस एक दिवस पुढे ढकलला. २०२४ मध्ये दोन्ही तारखा पुन्हा एकमेकींना खेटून आल्या, तेव्हा जुलूस १८ सप्टेंबरला निघाला. २०२५ मध्ये ८ सप्टेंबरला. सरकारने मुंबईतली ईदची सुट्टीही या दोन वर्षी त्याप्रमाणे सरकवली. शहरात काही घडलं नाही, त्यामुळे चर्चाही फार झाली नाही.

असे निर्णय आपोआप होत नाहीत. सणांच्या आधी पोलीस ठाण्यात शांतता कमिटीची मीटिंग होते. मिरवणूक कुठून जाईल, प्रार्थनास्थळासमोर किती वाजता येईल, डीजे कुठे बंद होईल, मंडपाने कोणाची गल्ली अडवली आहे, असले विषय. बऱ्याच ठिकाणी साहेब भाषण करतात, बाकीचे माना डोलावतात, चहा होतो, फोटो होतो, झालं. ज्याचा मुलगा रात्री मिरवणुकीत पुढे नाचणार असतो तो बाप त्या खोलीत नसतोच. असतात ते नेहमीचे प्रतिष्ठित. तरीही या बैठकीला नुसतं नाक मुरडून भागत नाही, कारण हीच बैठक कोणी मनावर घेतली तर काय होतं याचा दाखला मुंबईपासून तासा-दीड तासावर आहे.

भिवंडी. यंत्रमागांचं गाव. मोमीन विणकर, तेलंगणातून आलेले पद्मशाली, उत्तर प्रदेशातून आलेले कामगार, आणि मूळचे आगरी-कोळी. ७ मे १९७० रोजी शिवजयंतीच्या मिरवणुकीत इथे दंगल उसळली आणि तिचे पडसाद जळगाव, महाडपर्यंत गेले. न्यायमूर्ती मादन यांच्या आयोगाने तिची चौकशी केली. मिरवणुकीचा मार्ग, घोषणा, गुलाल यांवरून आधीची काही वर्षं कुरबुरी कशा साचत गेल्या, हे त्या अहवालात सापडतं. दंगल एका दिवसात झाली, तिची तयारी मात्र वर्षानुवर्षं सगळ्यांच्या डोळ्यांदेखत चालू होती. मे १९८४ मध्ये भिवंडी पुन्हा पेटली. या वेळी आग ठाणे-मुंबईपर्यंत पोचली आणि दोनशेहून अधिक माणसं गेली.

१९८८ मध्ये सुरेश खोपडे पोलीस उपायुक्त म्हणून भिवंडीत आले. त्यांनी बंदोबस्त वाढवला असता तर कोणी नावं ठेवली नसती. त्यांनी मोहल्ला समित्या काढल्या, सत्तरच्या आसपास. प्रत्येक समितीत दोन्ही समाजांची माणसं, आणि त्यांच्यासोबत त्या भागाची जबाबदारी दिलेला पोलीस. पुढाऱ्यांपेक्षा साध्या माणसांवर भर. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे बैठका सणावारापुरत्या नव्हत्या, वर्षभर होत्या. तिथे सुरुवातीला हिंदू-मुस्लीम ऐक्यावर व्याख्यानं झडली असती तर तिसऱ्या बैठकीला कोणी फिरकलं नसतं. लोक आले ते आपापली गाऱ्हाणी घेऊन. शेजाऱ्याशी वाद, भाडेकरूशी वाद, उधारी, गटार, नळ. असल्या भांडणांना धर्म नसतो. पण भांडणारे दोन धर्मांचे असले की तो चिकटायला वेळ लागत नाही. आणि मागाच्या कारखान्यात शेजारी उभं राहून एकमेकांचं नावही ठाऊक नसलेली माणसं समितीत एकमेकांना नावाने हाक मारू लागली, ही तर सरकारी कागदावर न येणारी कमाई.

६ डिसेंबर १९९२ ला बाबरी मशीद पडली. डिसेंबर आणि जानेवारीत मुंबई जळली. श्रीकृष्ण आयोगाने मृतांचा आकडा ९०० नोंदवला. खोपडे यांची तोवर बदली झाली होती, पण समित्या चालू होत्या, आणि ज्या भिवंडीचं नाव दंगलीशी जोडलेलं होतं ती शांत राहिली. खोपडे यांनी पुढे यावर पुस्तकही लिहिलं. सगळं श्रेय समित्यांना देणं घाईचं होईल. एखादं गाव का पेटलं याची कारणं शोधता येतात, का पेटलं नाही याची सिद्ध करता येत नाहीत. पण अभ्यासक आशुतोष वार्ष्णेय यांनी दंगलींवरच्या आपल्या ग्रंथात भिवंडीची वेगळी नोंद घेतली. ज्या शहरांत व्यापार, कामगार संघटना, क्लब यांतून दोन समाजांची गुंफण पिढ्यान्‌पिढ्या झालेली असते तिथे अफवा फार चालत नाहीत, हे त्यांचं मुख्य म्हणणं. भिवंडीत अशी पुण्याई अपुरी होती. तिथे ती काही वर्षांत, तीही पोलिसांच्या पुढाकाराने, उभी करता आली.

मुंबईने हा धडा दंगलीनंतर घेतला. १९९४ मध्ये माजी पोलीस आयुक्त ज्युलिओ रिबेरो, तेव्हाचे आयुक्त सतीश साहनी आणि कार्यकर्त्या सुशोभा बर्वे यांच्या पुढाकाराने मोहल्ला कमिटीची चळवळ उभी राहिली. पोलीस आणि वस्तीतली पोरं यांचे क्रिकेटचे सामने हे तिचं सगळ्यांना आठवणारं रूप.

भिवंडीची गोष्ट इथेच संपवली तर ती फारच गोड होईल. जुलै २००६ मध्ये त्याच भिवंडीत पोलीस ठाण्याच्या नियोजित इमारतीच्या जागेवरून वाद चिघळला. जागा कब्रस्तानची आहे असं आंदोलकांचं म्हणणं होतं. पोलिसांच्या गोळीबारात माणसं मेली आणि जमावाने दोन पोलिसांचा जीव घेतला. जुन्या समित्यांचा जोर तोवर ओसरला होता. साहेबाच्या उत्साहावर चाललेलं काम साहेबाबरोबर जातं, हे कोणत्याही सरकारी कचेरीत बसणाऱ्याला माहीत आहे. बैठक बोलावणं हे कोणाच्या नोकरीच्या कामात लिहिलेलंच नसेल, तर नव्या साहेबाने ती का बोलवावी?

ते लिहून ठेवण्याचा प्रयत्न महाराष्ट्राने गावांसाठी केला. १५ ऑगस्ट २००७ रोजी, आर. आर. पाटील गृहमंत्री असताना, महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम सुरू झाली. ग्रामसभेने समिती नेमायची, गावातल्या तंट्यांची नोंद करायची, ते मिटवायचे, नवे उद्भवू नयेत म्हणून उपाय करायचे आणि या सगळ्याचं गुणांकन करून गावाला बक्षीस. विदर्भात या समित्यांनी एक अनपेक्षित काम केलं: घरच्यांनी नाकारलेल्या प्रेमी जोडप्यांची लग्नं लावली, काही ठिकाणी आंतरजातीयसुद्धा. स्थानिक वर्तमानपत्रांतून हार घातलेली जोडपी आणि मागे समितीचे अध्यक्ष-सदस्य असे फोटो झळकत राहिले.

गावातलं भांडण मात्र बहुतेकदा जमिनीचं. बांध कोरला, पाणंद अडवली, सामाईक विहिरीची पाळी चुकवली. एक प्रकार तर असा की दोघांचंही फारसं चुकलेलं नसतं. जमीन एकत्रीकरण योजनेत नकाशा आणि वहिवाट यांचा मेळ बसला नाही, आणि आजोबांच्या काळापासून सातबारा एकाच्या नावावर, नांगर दुसऱ्याचा. दोघांना मिटवायचं असलं तरी जमिनीची अदलाबदल दस्ताने करायची म्हणजे मुद्रांक शुल्काचा आकडा ऐकूनच माणूस परत फिरायचा. कोर्टात तारखा घेणं त्याहून सोपं वाटायचं. जानेवारी २०२३ मध्ये सरकारने सलोखा योजना आणली. बारा वर्षांहून अधिक काळ एकमेकांची जमीन कसत असलेल्या दोन शेतकऱ्यांनी संमतीने अदलाबदल केली तर मुद्रांक शुल्क हजार रुपये, नोंदणी फी हजार रुपये. तलाठी जागेवर येऊन पंचनामा करतो, चतुःसीमेचे शेतकरी साक्षीला असतात. समेटाचं आवाहन कुठेच नाही. समेट महाग पडत होता, तो स्वस्त केला. शांततेविषयीच्या शेकडो परिपत्रकांपेक्षा हे एक शहाणपणाचं आहे.

बक्षिसाच्या योजनेत मात्र एक खोट राहून जाते. गुण मिटलेल्या तंट्यांना मिळतात. मग गावाला बक्षीस मिळावं म्हणून तक्रार मागे घ्या, असं कोणाला सांगितलं जातं? बांध कोरणाऱ्या दांडग्याला, की नवरा मारतो म्हणून पोलिसांत गेलेल्या बाईला? गावची अब्रू, घरातली गोष्ट घरात, मुलांकडे बघ, ही वाक्यं ज्याच्या तोंडावर फेकली जातात तो बहुधा दुबळाच असतो. पारावर जमलेल्या पंधरा माणसांसमोर एकटी बाई किंवा वस्तीवरचा एखादा मजूर ‘माझी हरकत नाही’ म्हणतो तेव्हा त्याला संमती म्हणणं ही स्वतःची फसवणूक आहे. कायद्याने इथे रेघ मारून ठेवलेली आहे: अॅट्रॉसिटीसारखे गुन्हे कोणत्याही समितीला मिटवता येत नाहीत. पण गुन्हा नोंदवण्याआधीच मिटवला, तर त्या रेघेपर्यंत प्रकरण पोचतच नाही.

२०२३ च्या मध्यस्थी कायद्यात याचं थोडं भान दिसतं. एखाद्या परिसरातली शांतता बिघडवू शकेल अशा वादासाठी त्यात सामुदायिक मध्यस्थीची तरतूद आहे: दोन्ही बाजूंची आधी संमती हवी, मध्यस्थ तिघे. ते निवडताना स्त्रियांच्या प्रतिनिधित्वाचा विचार करा असं कायदाच सांगतो. झालेल्या समझोत्याला दिवाणी कोर्टाच्या हुकूमनाम्याचं बळ नाही. हे अनेकांना उणेपण वाटेल. दबावाखाली सही केलेल्या माणसाला मात्र त्यामुळेच श्वास घ्यायला जागा राहते.

आणि अशा बैठकीला एकटं जायचं कारण नाही. विधी सेवा प्राधिकरणाच्या कायद्यानुसार स्त्रियांना, अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तींना उत्पन्न कितीही असलं तरी वकील मोफत मिळतो. त्यासाठी १५१०० हा क्रमांक आहे. तंटामुक्तीच्या अध्यक्षाचा निरोप आला की आधी हा क्रमांक फिरवावा, प्राधिकरणाच्या वकिलाशी बोलावं आणि बैठकीची तारीख त्यानंतरची मागून घ्यावी.