दारात काय विचारतात

फिनलंडमध्ये काचेच्या घुमटाखाली पडून ध्रुवप्रकाश पाहता येतो. स्वीडनमधल्या युकासयार्वी गावात दर हिवाळ्यात नदीच्या बर्फातून नव्याने हॉटेल उभं करतात. ओसाकात १९७९ साली माणसाला एका कप्प्यात झोपवणारं पहिलं कॅप्सूल हॉटेल निघालं. परदेशी सहलींच्या जाहिरातींत या जागा ‘हॉटेलपेक्षा काहीतरी वेगळं’ म्हणून दाखवतात आणि अमरावती-अकोल्याची माणसंही आता त्यांची चौकशी करतात. मला मात्र ही सगळी हॉटेलंच वाटतात. भिंत बदलली, छत बदललं, पण दारातला प्रश्न तोच राहिला: पैसे भरले का?

मुक्कामाची जागा वेगळी आहे का, हे दारात काय विचारतात त्यावरून ठरतं. ही कसोटी मला गाडगेबाबांनी दिली.

बाबांचा जन्म २३ फेब्रुवारी १८७६ चा, अमरावती जिल्ह्यातल्या शेणगावचा. लहानपण गेलं अकोला जिल्ह्यात, मूर्तिजापूरजवळच्या दापुऱ्याला, मामाकडे. १९०५ साली घर सोडल्यावर हा माणूस आयुष्यभर प्रवासातच राहिला, आणि २० डिसेंबर १९५६ ला अमरावतीकडे येताना वलगावजवळ गाडीतच त्याने प्राण सोडला. स्वतःसाठी छप्पर न मागणाऱ्या या माणसाने नाशिक, आळंदी, देहू, पंढरपूर अशा ठिकाणी दुसऱ्यांसाठी धर्मशाळा बांधल्या.

त्या काळी तीर्थक्षेत्री धर्मशाळांची वाण नव्हती. पण अनेक धर्मशाळा ज्या त्या जातीच्या होत्या. दमून आलेल्या माणसाला दारात आधी जात विचारली जायची आणि उत्तर ऐकून दार उघडायचं किंवा लागायचं. ज्यांच्यासाठी ते कायमच बंद होतं, ते चंद्रभागेच्या वाळवंटात, पावसात रात्र काढत. पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा बाबांनी बांधली ती या माणसांसाठी. विठ्ठलाच्या मंदिराचं दार त्यांना उघडलं १९४७ साली, साने गुरुजींच्या उपोषणानंतर. बाबांच्या धर्मशाळेचं दार त्याच्या कितीतरी आधी उघडलं होतं. १९४९ मध्ये बाबांनी ती वास्तू डॉ. आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीकडे सोपवली. म्हणून धर्मशाळांचं गुणगान करताना मी थोडा थांबतो. ‘आपल्याकडे अतिथी देव असतो’ हे वाक्य फार सहज म्हटलं जातं. कोणता अतिथी, हे बाबांना विचारावं लागलं होतं.

बाबा गावात शिरले की खराटा घेऊन आधी रस्ता झाडायला लागत. कीर्तन त्यानंतर, आणि भाकरी त्याच्याही नंतर. फुकटचं खायचं नाही, हा त्यांचा नेम होता. आल्या माणसाची जात विचारू नये, पण हातभार मागावा. मला जगातल्या चांगल्या मुक्कामांचं मूळ या दोन गोष्टींत दिसतं. शेगावच्या संस्थानात पाळीपाळीने येऊन लाद्या पुसणारे, ताटं वाढणारे सेवेकरी ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना यात नवल वाटणार नाही.

परदेशात बाबांचा सख्खा भाऊ भेटतो तो स्पेनमध्ये. सांतियागोच्या पायी यात्रेच्या वाटेवर अकराव्या शतकात दोमिंगो नावाचा एक साधू होऊन गेला. मठात त्याला घेतलं नाही असं सांगतात. मग त्याने यात्रेकरूंसाठी रस्ता केला, ओखा नदीवर पूल बांधला, विसाव्याला जागा उभी केली. आजही त्या गावाला त्याचंच नाव आहे: सांतो दोमिंगो दे ला काल्सादा. पूर्णेच्या काठी ऋणमोचनला यात्रेकरूंचे हाल पाहून घाट बांधणाऱ्या आपल्या बाबांना हा माणूस भेटला असता, तर भाषेवाचून काही अडलं नसतं.

त्या वाटेवर आजही यात्रेकरूंसाठी आल्बेर्गे आहेत. दारात तुमच्या यात्रेच्या पुस्तिकेवरचे शिक्के पाहतात, म्हणजे तुम्ही चालत आलात की नाही ते विचारतात. मोठ्या दालनात एकावर एक पलंग असतात. रात्री दहाच्या सुमारास दिवे बंद, सकाळी आठच्या आत जागा मोकळी करायची, आणि तब्येतीचं कारण नसेल तर मुक्काम एकच रात्र. काही ठिकाणी ठरलेलं भाडं नसतं, पेटीत जमेल तेवढं टाकायचं. सांभाळणारे बरेचदा स्वतः ती वाट चाललेले स्वयंसेवक असतात. पंढरीच्या वारीत शाळेच्या खोल्यांत पथारी टाकून झोपलेल्या आपल्या माणसाला इथे काहीच परकं वाटणार नाही.

शाळेचा विषय निघालाच आहे तर रिचर्ड शिरमान या जर्मन शिक्षकाबद्दल सांगायला हवं. १९०९ च्या ऑगस्टमध्ये मुलांना घेऊन पायी सहलीला निघालेला हा मास्तर वादळात सापडला आणि त्या रात्री एका गावच्या शाळेने त्यांना आसरा दिला. सुट्टीत रिकाम्या पडणाऱ्या शाळांत मुलांना का उतरता येऊ नये, हा विचार त्याला तिथे सुचला. १९१२ मध्ये आल्टेनाच्या किल्ल्यात पहिलं कायमचं यूथ होस्टेल सुरू झालं. पुढे ही चळवळ जगभर गेली आणि अनेक होस्टेलांत झाडलोट, भांडी ही कामं उतरलेल्या पोरांनाच वाटून दिलेली असत.

चांगल्या जागांनाही पैशाची ओढ लागते, आणि हे मला डाचतं. सांतो दोमिंगोतला यात्रेकरूंचा जुना विसावा आज पारादोर म्हणजे सरकारी मालकीचं महागडं हॉटेल आहे. सांतियागोत राजा-राणीने यात्रेकरूंसाठी बांधलेलं भव्य रुग्णालयही तसंच हॉटेल झालं. जपानच्या कोया पर्वतावर पन्नासच्या आसपास मंदिरांत पाहुणे उतरवतात, तिथलं कांदा-लसणाशिवायचं भिक्षूंचं जेवण आपल्या एकादशीवाल्यांना मानवेल, पण दर आता चांगल्या हॉटेलच्या बरोबरीचे असतात. तरी पहाटेच्या प्रार्थनेला बोलावणं येतं, हे मला महत्त्वाचं वाटतं. त्या जागेचं स्वतःचं एक जगणं आहे आणि पाहुण्याने रात्रभर त्यात सामील व्हायचं आहे.

लोकांच्या घरात राहण्याच्या नव्या पद्धतीबद्दल मी जास्त साशंक आहे. एअरबीएनबीची सुरुवात सान फ्रान्सिस्कोत भाडं परवडेना म्हणून दोन तरुणांनी दिवाणखान्यात हवेच्या गाद्या टाकल्या तिथून झाली. त्यात ओलावा होता. आज बार्सिलोनात घरांमागून घरं पर्यटकांकडे गेली आणि गावकऱ्यांना राहायला जागा मिळेना, म्हणून २०२८ अखेर पर्यटकांच्या फ्लॅटचे सगळे परवाने संपवायचं तिथल्या महापौरांनी जाहीर केलं आहे. त्याहून मला अस्वस्थ करणारी गोष्ट दुसरीच आहे. हार्वर्डच्या संशोधकांनी अमेरिकेत या सेवेवर पाहणी केली. मजकूर तोच, पण नाव कृष्णवर्णीय वाटेल असं असलं की होकार सुमारे १६ टक्क्यांनी कमी मिळत होते. म्हणजे चंद्रभागेकाठचा तो प्रश्न संगणकाच्या पडद्यावर नव्याने विचारला गेला. पंढरपूर आठवणाऱ्या माणसाने हे वाचून सोडून देऊ नये.

उलट बाजूलाही जागा आहेत. इंग्लंडमध्ये १९७१ मध्ये सुरू झालेल्या वूफ या चळवळीत सेंद्रिय शेतावर दिवसाचे काही तास राबायचं आणि त्या बदल्यात जेवण-मुक्काम मिळतो. कापूस-तूर-सोयाबीनच्या पट्ट्यात वाढलेल्या आणि शेतीचं शिकणाऱ्या अकोल्याच्या पोरांसाठी याहून चांगला परदेश मला सुचत नाही. डेन्मार्कमध्ये १९४९ साली, महायुद्धाच्या जखमा ओल्या असताना, सर्वास नावाची संघटना निघाली. तिचे यजमान पैसे घेत नाहीत. दोन रात्री घरात ठेवून घेतात, आणि पाहुण्याने गप्पा माराव्यात, घरात मिसळावं एवढीच अपेक्षा असते. ‘कोण्या गावचे जी? जेवले का?’ असं छपरीतल्या बाजेवर बसवून विचारणाऱ्या वऱ्हाडी घराला या संघटनेत प्रवेश घ्यायला काही नवीन शिकावं लागणार नाही.

पण तसं घर आज आपलं आहे का? अमरावतीच्या रुक्मिणीनगरात, अकोल्याच्या जठारपेठेत वरचा मजला कुलूपबंद असलेली घरं आहेत. पोरं पुण्याला, बंगळुरूला, अमेरिकेला. आई-वडील सहा महिने त्यांच्याकडे जाऊन येतात आणि तिकडच्या माणसांनी कसं मोकळेपणाने घरात घेतलं ते कौतुकाने सांगतात. इकडे स्पर्धा परीक्षेच्या तयारीला मेळघाटातून एखादी कोरकू मुलगी खोली शोधत आली, की आधी आडनाव विचारलं जातं, मग मटण खाता काय, आणि मग खोली अचानक ‘दुसऱ्याला दिलेली’ असते. वरच्या त्या मजल्याची किल्ली कोणाला द्यायची, हे ठरवायला गाडगेबाबांचे दोन नियम पुरेत: जात विचारायची नाही, आणि जिना कोण झाडणार ते मात्र पहिल्याच दिवशी ठरवून घ्यायचं.