अमरनाथच्या वाटेवर अभ्यास आणि वैराग्य

चंचल मनाला आवरण्याचे दोन उपाय भगवान श्रीकृष्णांनी गीतेच्या सहाव्या अध्यायात अर्जुनाला सांगितले आहेत : अभ्यास आणि वैराग्य. हे उपाय केवळ आसनस्थ योग्यासाठीच आहेत, अशी पुष्कळांची समजूत असते. वस्तुतः दीर्घ पदयात्रेस निघणाऱ्या साध्या यात्रेकरूलाही त्यांची तितकीच आवश्यकता आहे.

श्रीअमरनाथाची यात्रा हे याचे उत्तम उदाहरण होय. पहलगामच्या बाजूने जाणाऱ्यास चंदनवाडीपासून गुहेपर्यंत सुमारे ३२ किलोमीटर डोंगरवाट चालावी लागते. गुहा ३,८८८ मीटर उंचीवर आहे. परंतु तिच्यापूर्वी ४,२०० मीटरांहूनही उंच असलेली महागुणस खिंड ओलांडावी लागते. तेथे हवेचा दाब समुद्रकाठच्या मानाने सुमारे तीन-पंचमांशच उरतो, आणि त्याच प्रमाणात प्रत्येक श्वासातील प्राणवायूही उणावतो.

येथे कोणी शंका घेईल की, ज्याने बोलाविले तोच नेईल. मग नश्वर देहाची एवढी चिंता कशाला? तिचे समाधान असे : प्रत्यक्ष भगवंत सारथी असतानाही बाण अर्जुनालाच सोडावे लागले, आणि त्या बाणांमागे अनेक वर्षांचा अभ्यास होता. कृपा ही अभ्यासाची जागा घेत नाही. ती अभ्यासाला फळ देते.

म्हणून यात्रेकरूने निदान एक महिना आधीपासून रोज चार-पाच किलोमीटर चालावे व प्राणायाम करावा, असे यात्रेची व्यवस्था पाहणारे श्राइन बोर्डही सांगते. अधिक अवधी मिळाल्यास उत्तमच. जे जोडे यात्रेत घालावयाचे, तेच या सरावात वापरावेत. प्रथम रिकाम्या पाठीने चालावे. मग पाण्याची बाटली, पुढे कांबळे, असा भार हळूहळू वाढवावा. जिने चढण्याने दम वाढतो, हे सर्व जाणतात. परंतु उतारावर मांड्यांवर आणि गुडघ्यांवर पडणारा ताण पुष्कळांच्या ध्यानी येत नाही. म्हणून उतरण्याचाही सराव हवा. आठवड्यातून एक दिवस विश्रांती घ्यावी, कारण थकलेले स्नायू विश्रांतीतच बळावतात. आहार, झोप आणि श्रम यांत परिमितता राखणे हाच येथे योग होय.

अभ्यासाने बळ येते. परंतु बळाबरोबर अभिमानही येतो. म्हणून वैराग्य हवे. विरळ हवेचा विकार सशक्त-अशक्त असा भेद जाणत नाही. पायांत बळ असलेला तरुणही वेगाने उंची गाठल्यास डोकेदुखी, मळमळ आणि धाप यांनी ग्रासला जातो. सावकाश चढणे आणि मध्ये मुक्काम करून शरीराला त्या हवेची सवय होऊ देणे, हा त्यावरील मुख्य प्रतिबंध. लक्षणे दिसताच पुढे चढू नये; ती वाढल्यास विनाविलंब खाली उतरावे.

खरी कसोटी येथेच आहे. गुहा दोन कोसांवर राहिली असता माघारी फिरण्यास मन धजत नाही. कित्येक जण तर आरोग्य-प्रमाणपत्र घेतानाच वैद्यापासून जुना विकार लपवितात. देवदर्शनाची यात्रा ज्याने असत्याने आरंभिली, त्याने कोणते पुण्य जोडले? शिवाय त्याच्या हट्टाचा भार त्याला खांद्यावरून खाली आणणाऱ्या श्रमिकांवर, घाबरलेल्या सोबत्यांवर आणि घरी वाट पाहणाऱ्या मुलाबाळांवर पडतो. अशा हट्टाला भक्ती म्हणता येत नाही. ती फळाची आसक्तीच होय.

चालणे हे यात्रेकरूचे कर्म आहे. दर्शन हे फळ आहे. ज्याने महिनाभर पहाटे उठून ईश्वराप्रीत्यर्थ पावले टाकली, आणि देहाने नकार देताच गुहेच्या दिशेने हात जोडून जो शांतपणे उतरू लागला, त्याची यात्रा अपुरी राहिली असे कोण म्हणेल? ज्याच्यासाठी तो निघाला होता, तो उतरणाऱ्याच्या हृदयातही वसतोच.